दुसरा मॉनिटर पुन्हा पुन्हा गायब होतो? आधी तो नेमका कधी जातो ते बघा

डेस्कटॉपला दोन मॉनिटर लावणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. एकावर टॅली, दुसऱ्यावर बँकेचं स्टेटमेंट. एकावर पानाची मांडणी, दुसऱ्यावर मूळ मजकूर. एकदा सवय लागली की एका स्क्रीनवर काम करवत नाही. म्हणूनच दुसरा मॉनिटर मध्येच जायला लागला की दिवसाची घडी विस्कटते. सकाळी दिसतो, जेवून आल्यावर 'नो सिग्नल'. रिस्टार्ट केलं की येतो, दोन दिवसांनी पुन्हा तेच.

यावर जो तो दोनच उपाय सांगतो: ड्रायव्हर पुन्हा टाका, नाहीतर विंडोज फॉरमॅट मारा. मला हे पटत नाही. अशा तक्रारींत दोष बहुतेक वेळा केबल, कन्व्हर्टर, विजेची जोडणी किंवा बायोसमधलं (विंडोजच्याही आधी सुरू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) एखादं सेटिंग यांत असतो. फॉरमॅटनंतर मॉनिटर काही दिवस नीट चालतो खरा. पण कॅबिनेट दुकानात नेताना आणि परत आणताना सगळ्या केबल निघतात आणि पुन्हा घट्ट बसतात, हेच त्याचं कारण असू शकतं. मूळ दोष तिथेच राहतो आणि आठवड्याभरात परत डोकं वर काढतो.

म्हणून हातात स्क्रू ड्रायव्हर घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: मॉनिटर जातो कधी? तो कधीच दिसलेला नाही, लाईट जाऊन आल्यावर दिसत नाही, स्लीपमधून उठवल्यावर दिसत नाही, की काम चालू असताना क्षणभर काळा होऊन परत येतो? वरवर सगळीकडे एकच काळी स्क्रीन दिसते, पण या चारही तक्रारींची मुळं वेगळी आहेत.

कॅबिनेटची मागची बाजू

व्हिडिओचे पोर्ट मागे दोन ठिकाणी असू शकतात. यूएसबी आणि लॅनच्या शेजारी असतात ते मदरबोर्डचे. त्यांच्या खाली, आडव्या पट्टीत असतात ते ग्राफिक्स कार्डाचे. कार्ड असेल तर दोन्ही मॉनिटर कार्डालाच लावायचे, हा सरळ नियम. एक बोर्डाला आणि एक कार्डाला लावला, तर बऱ्याच मशीनवर बोर्डाचा पोर्ट बंदच राहतो, कारण कार्ड सापडलं की बायोस प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बंद करून टाकतं.

अडचण येते जुन्या मॉनिटरची. १९ इंची, उत्तम चालणारा, पण त्याला फक्त व्हीजीए, म्हणजे जुना अ‍ॅनालॉग पोर्ट. ग्राफिक्स कार्डाच्या एनव्हिडिया कंपनीने जीटीएक्स १० मालिकेपासून कार्डांवरचं अ‍ॅनालॉग आउटपुट काढून टाकलं, त्यामुळे कार्डाला व्हीजीए मिळत नाही. मग माणूस तो मॉनिटर मदरबोर्डच्या व्हीजीएला जोडतो. ही जोडणी चालते, पण दोन अटींवर.

पहिली अट, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असायला हवं. इंटेलच्या आय५-१२४०० मध्ये ते आहे, आय५-१२४००एफ मध्ये नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये आहे, ५६०० आणि ५६००एक्स मध्ये नाही. एफ वाला प्रोसेसर असेल तर बोर्डावर एचडीएमआय आणि व्हीजीएचे पोर्ट दिसत असले तरी त्यातून चित्र येणार नाही. तिथे केबल बदलण्यात वेळ घालवू नका.

दुसरी अट बायोसची. मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. एसूसच्या बोर्डावर 'आयजीपीयू मल्टि-मॉनिटर', एमएसआयच्या बोर्डावर 'आयजीडी मल्टि-मॉनिटर', गिगाबाइटवर 'इंटर्नल ग्राफिक्स' अशा नावाचं सेटिंग असतं. ते 'एनेबल्ड' करा, एफ१० ने सेव्ह करा, आणि विंडोजमध्ये आल्यावर इंटेल किंवा एएमडीचा ग्राफिक्स ड्रायव्हरही टाका. फक्त कार्डाचा ड्रायव्हर टाकून भागत नाही.

इथे एक प्रकार सविस्तर सांगतो, कारण तो फार लोकांना छळतो आणि फार थोड्यांच्या लक्षात येतो. माझ्या ओळखीच्या एक ताई डीटीपीचं काम करतात. २४ इंची मॉनिटर कार्डाच्या एचडीएमआयला, १९ इंची बोर्डाच्या व्हीजीएला. लग्नसराईत पत्रिकांची घाई, आणि नेमका तेव्हाच १९ इंची मॉनिटर अधूनमधून काळा. ड्रायव्हर टाकून झाला, दुकानात नेऊन विंडोजही नव्याने टाकून झालं, तरी दुखणं कायम. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "दादा, लाईट गेली नाही तर याला काहीच होत नाही बघा." मी विचारलं, लाईट आल्यावर घड्याळ बरोबर असतं का? "नाही, तारीख मागे जाते. बँकेची साइटपण उघडत नाही, सर्टिफिकेटचं काहीतरी दाखवते."

तिथेच उलगडा झाला. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२. भिंतीवरची वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम, आणि बऱ्याच बोर्डांवर बायोसची सेटिंगही त्याच्याच भरवशावर टिकतात. सेल संपला की वीज गेल्यावर बायोस मूळपदावर येतं, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुन्हा बंद होतं आणि बोर्डाला लावलेला मॉनिटर काळा पडतो. विंडोज कितीही वेळा टाका, त्याचा इथे संबंधच नाही. चांगला सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. त्यांचा काढून पाहिला तर काटा पार खाली.

सेल बदलताना प्लग भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जातो. बाजूची छोटी क्लिप हलकेच मागे ढकलली की सेल आपोआप वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर. यानंतर बायोसमध्ये जाऊन तारीख आणि मल्टि-मॉनिटरचं सेटिंग दोन्ही पुन्हा लावायलाच हवीत. सेल काढला की ती पुसली जातात, आणि हे न केल्यामुळे "सेल बदलूनही फरक पडला नाही" असं अनेकांना वाटतं.

कन्व्हर्टर आणि स्प्लिटर

एचडीएमआय स्प्लिटर घेऊन दोन वेगळे स्क्रीन मिळत नाहीत. एका पोर्टमधून निघालेलं एकच चित्र तो दोन मॉनिटरवर दाखवतो. विंडोजला मॉनिटर एकच दिसतो, त्यामुळे दोन्हीवर वेगळं दाखवणारा 'एक्स्टेंड'चा पर्याय येणारच नाही. व्हीजीएच्या वाय केबलचंही तेच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असो किंवा ऑनलाइन, घेताना "दोन मॉनिटरसाठी" एवढंच म्हणू नका. "दोन्हीवर वेगवेगळं दिसायला हवं" असं सांगा.

कन्व्हर्टरची दिशाही महत्त्वाची. कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये जायचं असेल तर साधी स्वस्त केबल बहुतेक कार्डांवर चालते. उलट, कार्डाच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टमध्ये जायचं असेल तर ती केबल चालत नाही. दोन्ही टोकं घट्ट बसतात, म्हणून ती खराब आहे असं वाटतं. पण ती एकाच दिशेची आहे. या उलट्या दिशेला यूएसबीवरून वीज घेणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो.

एचडीएमआय ते व्हीजीए हा आपल्याकडे सर्रास दिसणारा कन्व्हर्टर, आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या त्रासाचं एक मोठं कारण. डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी चिप त्याच्या आत असते आणि ती एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनवर चालते. त्या पिनमधून किमान ५५ मिलिअँपिअर मिळावेत एवढीच हमी एचडीएमआयच्या नियमांत आहे. एखादा पोर्ट जास्त देतो, एखादा देत नाही. म्हणून तोच कन्व्हर्टर एका मशीनवर छान चालतो आणि दुसऱ्यावर अर्ध्या तासाने चित्र सोडतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात तक्रार वाढत असेल तर बंद पडल्यावर लगेच कन्व्हर्टरला हात लावून बघा. चांगलाच तापलेला असेल तर यूएसबीने वेगळी वीज देता येईल असा घ्या. थोडे पैसे जास्त जातात, पण पुन्हा त्याच्याकडे बघावं लागत नाही.

याच कन्व्हर्टरमुळे कधी कधी रिझोल्युशन १०२४ बाय ७६८ वर अडकतं. मॉनिटर आपली ओळख ईडीआयडी नावाच्या छोट्या माहितीतून कॉम्प्युटरला सांगतो. मूळ ईडीआयडी अवघी १२८ बाइटची असते. कन्व्हर्टर किंवा पिना तुटलेली व्हीजीए केबल ती पुढे जाऊ देत नसेल, तर विंडोज मॉनिटरला 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' म्हणतं आणि सावधपणे कमी रिझोल्युशन देतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हे नाव दिसलं तर केबल बदला, ड्रायव्हर नाही.

चालू कामात क्षणभर काळा होतो

या तक्रारीत अदलाबदल करून बघणं हीच खरी तपासणी. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन्ही मॉनिटरच्या केबल एकमेकांत बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. आता आधी ठीक असलेला मॉनिटर लुकलुकायला लागला तर दोष केबलचा. आधीचाच लुकलुकतोय तर केबल निर्दोष. आता कार्डाकडचे पोर्ट बदलून बघा. तरीही दोष त्याच मॉनिटरपाशी राहिला तर मॉनिटर किंवा त्याचा अ‍ॅडॅप्टर. एकाच वेळी केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर बदललेत तर काय बरं झालं ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दोन्ही मॉनिटरला वेगळ्या जातीचे पोर्ट असतील आणि केबल बदलता येत नसेल, तर दुसरी युक्ती आहे. 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये जाऊन त्या मॉनिटरचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा) १४४ वरून ६० करा, किंवा फोर-के असेल तर १०८०पी वर आणा, आणि तासभर काम करा. लुकलुकणं थांबलं तर बहुधा केबलला तेवढा डेटा झेपत नाही. १०८०पी ला ६० हर्ट्झवर १४८.५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक (केबलमधून ठिपके जाण्याचा वेग) लागतो आणि फोर-के ला ६० हर्ट्झवर ५९४, म्हणजे बरोबर चौपट. त्यामुळे जुन्या मॉनिटरवर वर्षानुवर्षं चाललेली केबल नव्या मॉनिटरवर दगा देते, यात आश्चर्य नाही. केबलवर छापलेल्या '२.०' वर जाऊ नका, तो आकडा केबलचा दर्जा सांगत नाही. फोर-के आणि ६० हर्ट्झसाठी 'प्रीमियम हाय स्पीड' असं प्रमाणपत्र असलेली, स्कॅन करता येणाऱ्या स्टिकरची केबल घ्या, आणि लांबी गरजेपुरतीच ठेवा.

मागे वाकून केबलचं टोकही बघा. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच केबलना छोटे आकडे असतात आणि बसताना टक असा आवाज येतो. एचडीएमआयला तसं काही नसतं. जाड केबल स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली झुकते आणि टोक तिरकं होतं. कॅबिनेट भिंतीला चिकटवलेलं असेल तर केबल काटकोनात दुमडली जाते, तेही वाईट. केबल कॅबिनेटला किंवा टेबलाच्या पायाला बांधून तिचं वजन पोर्टवरून काढा. कोकणातल्या दमट हवेत पिनांवर थर चढतो. सगळं बंद करून, प्लग काढून, टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या.

विजेकडेही बघायलाच हवं. फ्रिज किंवा पाण्याची मोटर चालू होताना मॉनिटर लुकलुकत असेल तर तो कॉम्प्युटरसोबत यूपीएसवर घ्या. खुर्चीवरून उठताना किंवा बसताना लुकलुकत असेल तर तो भास नव्हे. गॅस लिफ्टच्या खुर्च्यांमध्ये विजेचा स्थिर भार साठून सुटतो आणि त्याचा धक्का कमी आवरण असलेल्या व्हिडिओ केबलला बसतो. हे नोंदलेलं आहे. चांगल्या शिल्डिंगची केबल घेतली की ते थांबू शकतं.

कॅबिनेटला उघडा हात लावल्यावर मुंग्या येतात का? तसं असेल तर सॉकेटला अर्थिंग नाही. अर्थिंगशिवाय एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या, फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर मेन लाइनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, पण चालू मशीनमध्ये एचडीएमआय खुपसताना तेवढ्यानेही पोर्ट जळू शकतो, विशेषतः डिश किंवा केबलची वायर लावलेला टीव्ही दुसरा मॉनिटर म्हणून जोडताना. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, आणि तोवर दोन्हीकडचे प्लग काढूनच केबल जोडा. या बाबतीत मी कुणालाही सूट देत नाही.

स्लीपनंतर किंवा शट डाउननंतर येत नाही

डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर झोपला की काही मॉडेल कॉम्प्युटरशी संबंधच तोडतात. विंडोजला वाटतं केबल निघाली, आणि ते सगळ्या विंडो उचलून उरलेल्या मॉनिटरवर टाकतं. उठल्यावर मॉनिटर येतो पण पसारा एकाच बाजूला, किंवा मॉनिटर येतच नाही. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत 'डीप स्लीप' असेल तर ते बंद करा. 'ऑटो सोर्स'ही बंद करून इनपुट हाताने ठरवा, कारण सिग्नल शोधत एचडीएमआयवर गेलेला मॉनिटर कधी कधी तिथेच थांबतो. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या 'मल्टिपल डिस्प्लेज'खाली विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याचं सेटिंग आहे, ते चालू हवं.

काळा पडल्यावर लगेच रिस्टार्ट करू नका. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. स्क्रीन एकदा लुकलुकते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडलेलं काम जात नाही. मग विंडोज आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडलंय का ते पाहा. चुकून 'पीसी स्क्रीन ओन्ली' झालेलं असणं हे अगदी नेहमीचं आहे.

शट डाउन करून चालू केल्यावर येत नाही, पण रिस्टार्ट केल्यावर हमखास येतो, अशी तक्रार असेल तर 'फास्ट स्टार्टअप' बघा. ते चालू असताना शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं. ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर साठवून पुन्हा तीच उचलली जाते. रिस्टार्ट मात्र सगळं पहिल्यापासून सुरू करतं. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन त्याची खूण काढा. एसएसडी असेल तर सुरू होण्याच्या वेळेत फारसा फरक जाणवत नाही.

दिसतो, पण नीट नाही

माउस मधल्या सीमेवर अडकत असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधले १ आणि २ हे चौकोन ओढून टेबलावर मॉनिटर जसे आहेत तसे लावा, वरच्या-खालच्या कडाही जुळवा. टीव्हीवर कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या पिक्चर मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडा. काळा रंग राखाडी दिसत असेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'आउटपुट डायनॅमिक रेंज' 'फुल' करा. विंडो हरवली असेल तर ती निवडून विंडोज, शिफ्ट आणि बाण दाबला की ती शेजारच्या मॉनिटरवर येते.

आता ड्रायव्हर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' दिसत असेल तर मात्र गोष्ट ड्रायव्हरचीच आहे. कार्डाचं मॉडेल बघून एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या स्वतःच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअर टाळा. विंडोजमधल्या घडामोडी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाच्या नोंदी पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर ड्रायव्हर प्रतिसाद देणं थांबवून परत सावरतोय. तेव्हा सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) वापरून जुना ड्रायव्हर मुळापासून काढा, इंटरनेट तोडून ठेवा म्हणजे विंडोज मध्येच आपला ड्रायव्हर घुसवणार नाही, आणि मग नवा टाका. तरीही ४१०१ येतच राहिला तर कार्डाचं तापमान, पंख्यातली धूळ आणि एसएमपीएस यांच्याकडे वळा.

एवढं सगळं करून दोष कार्डाच्या एकाच पोर्टला चिकटून राहिला, कुठलीही केबल आणि कुठलाही मॉनिटर लावला तरी तिथेच, तर तो पोर्ट गेला. वॉरंटी असेल तर दुकानात जाताना बिल आणि अदलाबदलीची नोंद सोबत न्या: कोणता पोर्ट, कोणती केबल, कोणता मॉनिटर, काय दिसलं. ती नोंद दाखवून फॉरमॅटला ठाम नकार द्या आणि थेट कार्डाच्या तपासणीची मागणी करा. वॉरंटी संपली असेल आणि कार्डावर दुसरा पोर्ट मोकळा असेल, तर त्या पोर्टला चालणारा योग्य दिशेचा कन्व्हर्टर घेणं नव्या कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.